नंदुरबारमध्ये घरातूनच कलाकुसरीचा धंदा करायचाय? मग जागा बघण्याआधी कॅलेंडर बघा

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आहे आणि अर्धं गुजरातमध्ये. प्लॅटफॉर्मवरच्या एका बाकड्याच्या मधोमध राज्याची हद्द जाते. या टोकाला बसलेला माणूस महाराष्ट्रात, त्या टोकाला बसलेला गुजरातमध्ये. येणारे-जाणारे तिथे फोटो काढतात, रील करतात आणि आपली गाडी पकडतात.

आता समजा, नवापुरातलं एक कुटुंब घरात बसून बांबूच्या टोपल्या विणतंय. त्यातल्या पाच टोपल्या त्यांनी शेजारच्या उच्छलमधल्या दुकानदाराला पाठवल्या. उच्छल जवळच आहे, पण गुजरातमध्ये. म्हणजे कायद्याच्या भाषेत ही झाली आंतरराज्य विक्री.

जीएसटीचा साधा नियम असा, की परराज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असली तरी नोंदणी लागते. हाताने बनवलेल्या वस्तूंना २०१७ च्या सप्टेंबरमध्ये यातून सूट मिळाली. सरकारच्या हस्तकलेच्या यादीत बांबूच्या वस्तू आहेत. त्यामुळे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीशिवाय परराज्यात विकता येतं. पण त्यासाठी पॅन कार्ड लागतं आणि ई-वे बिल काढावं लागतं. एरवी माल ५० हजारांच्या वरचा असला तरच ई-वे बिलाचा प्रश्न येतो. इथे मात्र माल पाचशे रुपयांचा असला तरी ते काढावं लागतं.

म्हणजे नवापूरहून नागपूरला टोपल्या पाठवणं सोपं, पण पलीकडच्या गावात पाठवायला एक कागद जास्त. ई-वे बिल ऑनलाइन निघतं आणि त्याला पैसे लागत नाहीत, त्यामुळे घाबरून जाण्यासारखं काही नाही. फक्त घर कुठे आहे यावरून धंद्याचं गणित कसं बदलतं, याचं हे सगळ्यात सोपं उदाहरण आहे.

गाळा घ्या, असं सगळेच सांगतात

घरी काहीतरी बनवणाऱ्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे, "गावात काय ठेवलंय, नंदुरबारला किंवा शहाद्याला एखादा गाळा घे." सल्ला देणारा चांगल्या मनानेच देतो, पण बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

हिशोब करून बघू. धरून चला, गाळ्याचं भाडं महिन्याला ४ हजार आहे. वर्षाचे झाले ४८ हजार. एका टोपलीमागे सगळा खर्च जाऊन ६० रुपये सुटतात असं मानलं, तर नुसतं भाडं भरायला ८०० टोपल्या विकाव्या लागतील. घरातली दोन माणसं मिळून दिवसाला तीन टोपल्या विणत असतील, तर झाले जवळपास २६७ दिवस. म्हणजे वर्षातले पावणेनऊ महिने हे कुटुंब गाळ्याच्या मालकासाठी राबणार. वर गाळ्यावर बसायला एक माणूस लागणार, तो विणकामातून वजा होणार ते वेगळंच.

घरातून चालणाऱ्या धंद्याची खरी ताकद हीच असते, की तिथे भाडं नसतं. ती पहिल्याच महिन्यात सोडून द्यायची असेल तर तसंच मोठं कारण हवं. त्यामुळे "कुठली जागा चालेल" असं विचारण्याआधी दोन वेगळे प्रश्न विचारले पाहिजेत. वस्तू बनणार कुठे? आणि विकली जाणार कुठे? या दोन जागा एकच असल्या पाहिजेत असा काही नियम नाही. नंदुरबार जिल्ह्यात तर त्या वेगळ्या असलेल्याच बऱ्या.

एक जिल्हा, दोन भूगोल

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. तालुके सहा. नंदुरबार, नवापूर, शहादा आणि तळोदा या चार तालुक्यांत मोठी गावं, शाळा, बँका आणि त्यातल्या त्यात बरे रस्ते. अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजेच धडगाव, हे सातपुड्याच्या डोंगरातले. सुरत-भुसावळ रेल्वे जाते ती फक्त दक्षिणेकडच्या नवापूर आणि नंदुरबारमधून. सुरत-नागपूर महामार्गही नवापूर तालुक्यातल्या विसरवाडीवरून जातो, जिल्ह्याच्या मुख्यालयातून नाही.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती आणि त्यातले ६९ टक्क्यांहून जास्त लोक आदिवासी. बांबूकाम, मण्यांचे दागिने, होळीचे साज, ढोल, लाकूडकाम ही इथली जुनी कौशल्यं. आणि ती जास्त करून डोंगरात आहेत, जिथे ना रेल्वे पोचते ना महामार्ग. जागा निवडायची अडचण सुरू होते ती इथून.

टोपली आणि माळ, दोघींचं वजन सारखं नसतं

वस्तू कुठे बनवायची हे ठरवताना कुरिअरवाला वजन कसं मोजतो हे माहीत असलं पाहिजे. तो नुसता काटा बघत नाही, खोकं किती जागा अडवतं तेही बघतो. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि बऱ्याच कंपन्या करतात तसा ५००० ने भागायचा. जे उत्तर येईल ते किलोतलं वजन. खरं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे.

४० बाय ४० बाय ३० सेंटिमीटरची टोपली घ्या. गुणाकार ४८ हजार. भागिले ५०००, म्हणजे ९.६ किलो. टोपली हातात घेतली तर एक किलोचीही नसते, पण पैसे साडेनऊ किलोच्या वरचे लागतात. आता मण्यांची माळ घ्या. खोकं २० बाय १५ बाय ५. गुणाकार १५००, म्हणजे ३०० ग्रॅम.

माळ धडगावच्या एखाद्या पाड्यात बनून पुण्याला गेली तरी परवडते. एकेकटी टोपली नंदुरबार शहरातून गेली तरी परवडत नाही. टोपलीला गिऱ्हाईक जवळच हवं. नाहीतर वेगवेगळ्या मापाच्या टोपल्या एकात एक बसवून पाठवायच्या, म्हणजे एका खोक्यात चार-पाच जातात. माप ठरवतानाच हे डोक्यात ठेवलं तर वाहतुकीचा खर्च निम्म्याहून खाली येतो.

बांबूचं आणखी एक आहे. ओला बांबू सहज चिरतो, पट्ट्या लवचिक निघतात. तोच वाळला की कडक होतो, मोडतो, मग पाण्यात भिजवत बसावं लागतं. म्हणून बांबूकाम बांबूजवळच बरं. वेळूचं बन जिथे आहे तिथून चार तासांवर गाळा घेतला तर बांबू आणण्याचं भाडं, वाळून वाया जाणारा माल आणि भिजवायला लागणारं पाणी या तिन्हींचा खर्च डोक्यावर बसतो. पूर्वी शेताच्या बांधावरचा बांबूसुद्धा कायद्याने 'झाड' धरला जायचा. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू त्या व्याख्येतून बाहेर आला. त्यामुळे आपल्या किंवा शेजाऱ्याच्या बांधावर बेट असेल तर तीच सगळ्यात चांगली जागा.

मणी, दोरा, कापड, रंग यांना असं बंधन नाही. हा माल तसाही सुरत-मुंबईकडून येतो. त्याला पोस्ट ऑफिस आणि कुरिअर जवळ हवं एवढंच. इथे एक गोष्ट तपासून घ्यायची. कुरिअरच्या वेबसाइटवर आपला पिनकोड टाकला की "सेवा उपलब्ध" असं दिसतं, पण ती बऱ्याचदा फक्त माल पोचवण्याची असते. आपल्या घरून माल उचलायला कुणी येतं का, हा प्रश्न वेगळा. दुर्गम भागात या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येतात.

इथलं गिऱ्हाईक तारखेला येतं

शहरात गिऱ्हाईक रोज थोडं थोडं येतं. सातपुड्यात तसं नाही. तिथे ते ठरलेल्या दिवशी येतं आणि हजारोंनी येतं.

दिवाळीत अस्तंब्याची यात्रा असते, तिचा ओघ तळोद्याकडून वर जातो. डिसेंबरात दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, तिथे घोड्यांबरोबर घोड्यांचे साजही विकले जातात. महाशिवरात्रीला तोरणमाळ. आणि मग सगळ्यात मोठा मोसम, होळी.

होळीच्या आधीचा आठवडा म्हणजे भोंगऱ्या बाजार. धडगाव आणि आसपासच्या डोंगरी गावांत हे बाजार भरतात. नवे कपडे, दागिने, घुंगरू, होळीचं सामान, सगळी खरेदी या एका आठवड्यात होते. मग अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी. उंच बांबूचा दांडा उभा करतात, रात्रभर ढोल वाजतो आणि पहाटे होळी पेटते. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे, अंगावर पांढरे ठिपके काढलेले बुध्या हे फोटो दरवर्षी सगळ्यांच्या फीडमध्ये येतात. काठीनंतर पुढचे काही दिवस वेगवेगळ्या गावांच्या होळ्या चालूच राहतात. म्हणजे विकणाऱ्याला एक दिवस नाही, दिवसांची रांगच मिळते.

याच दिवसांत एवढा पैसा कुठून येतो? जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातला आणि साखर कारखान्यांच्या पट्ट्यात मजुरीला जातात, आणि होळीला परत येतात. हातात काही महिन्यांची कमाई असते. भोंगऱ्याला खिसा भरलेला असतो, तो यामुळे. त्याच हिशोबाने डिसेंबर-जानेवारीत डोंगरातल्या गावात दुकान उघडून बसलात तर अर्धी गिऱ्हाइकं जिल्ह्यातच नसतात.

आता हेच उलट्या बाजूने बघा. घरात विणायचं, ओवायचं, शिवायचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी मिळत राहिलं, तर त्या घराला दिवाळीनंतर ट्रकमध्ये बसावं लागत नाही. पोरांची शाळा सुटत नाही. पावसाळा संपल्यावर बांबू तोडायला मिळतो, थंडीत विणकाम होतं, फाल्गुनात माल विकला जातो. हे चक्र आधीच जुळलेलं आहे. अडचण फक्त मधल्या चार महिन्यांच्या पैशांची. मोसमाआधी कच्चा माल घ्यायला आणि घर चालवायला बचत गटाचं छोटं कर्ज मिळालं तर ते गाळ्याच्या डिपॉझिटपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतं. उमेद अभियानात असलेल्या गटांना मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात स्टॉल मिळू शकतो, ही आणखी एक तारीख.

घर आपलं आहे, पण त्यात काय चालतं?

राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. निवासी भागात घरगुती व्यवसायाला ती परवानगी देते. शिवण, भरतकाम अशी कामं घरच्या माणसांनीच, पगारी मजूर न लावता केली तर चालतात. यंत्र वापरायचं असेल तर विजेचा भार ०.७५ किलोवॉटच्या आत हवा, म्हणजे साधारण एक हॉर्सपॉवर. शिलाई मशिनची मोटार यात सहज बसते. बांबू चिरायचं मोठं मशिन किंवा लाकडाची करवत बसत नाही. आणि शेजाऱ्यांची तक्रार येते ती अशाच मशिनच्या आवाजामुळे.

वीजबिलाची गंमत फार कमी लोकांना माहीत असते. घराच्या एका भागात धंदा केला म्हणून लगेच कमर्शियल दर लागत नाही. महावितरणच्या दररचनेत अशा ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात एकूण ३६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. वर्षाचा आकडा ओलांडला की मात्र दर बदलतो, तोही आधी कळवून. त्यामुळे "मीटर कमर्शियल करावं लागेल" असं कुणी म्हणालं की आधी मागच्या १२ महिन्यांची बिलं काढून बेरीज करावी.

खरी सावधगिरी लागते ती जमिनीत. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, शहादा आणि नंदुरबारमधलीही बरीच गावं येतात. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत १९७४ मध्ये कलम ३६ अ आलं. विक्रीच नाही, तर गहाण आणि भाडेपट्टासुद्धा त्यात आहे. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते, त्यापुढच्या व्यवहाराला राज्य सरकारचीही. तेव्हा स्टॅम्पवर "रोडटच जागा अकरा महिन्यांनी" असा करार समोर आला, तर पैसे देण्याआधी सातबारा बघायचा. स्वतःच्या घरात काम करणाऱ्या आदिवासी कारागिराला हा प्रश्नच येत नाही. म्हणूनही घर हीच जागा बरी.

शेतात पत्र्याची शेड टाकायचा विचार असेल तर बिगरशेती वापराचा मुद्दा निघतो. गावठाणातल्या घराला तो नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आधार, पॅन आणि उद्यम नोंदणी, एवढ्यावर सुरुवात होते. उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला हजार रुपये देऊ नयेत.

पत्र्यावरून आठवलं. तापीच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी बारानंतर माणूस बसू शकत नाही, आणि रंग व गोंदही नीट वागत नाहीत. कुडाची किंवा मातीची जुनी खोली अशा कामाला पक्क्या खोलीपेक्षा बरी. उलट पावसाळ्यात तिथे बुरशी येते, बांबूला भुंगा लागतो. तेव्हा माल जमिनीपासून वर, वारा लागेल असा ठेवायला मचाण हवंच. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात बांबू भिजवून घेतला तर कीड बरीच थांबते.

जे गावातच राहिले

डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रं जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. घर मात्र शेवटपर्यंत गावातच होतं. गुंडाळून नेता येणारी हलकी वस्तू आणि नाव, या दोन गोष्टी असल्या की गिऱ्हाईक पाड्यापर्यंत येतं.

दुसरं उदाहरण पेण तालुक्यातल्या हमरापूर परिसराचं. तिथे गणपती घराघरांत बनतात. मूर्ती जड, नाजूक, लांब पाठवायला अवघड. पण एकाच भागात इतकी घरं हे काम करतात की व्यापारी स्वतः ट्रक घेऊन येतो. एकट्या घराला हे जमलं नसतं. जड माल असेल तर शेजारीही तेच काम करत असणं फायद्याचं ठरतं, ही तिथली गोष्ट सातपुड्यातल्या बांबूवाल्यांना लागू पडते. एका पाड्यातली दहा घरं मिळून एक टेम्पो भरत असतील, तर दहा वेगवेगळ्या गाळ्यांपेक्षा ते स्वस्त.

अर्थात जागा निवडण्याची संधी सगळ्यांना मिळते असं नाही. सरदार सरोवरामुळे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली आणि कितीतरी कुटुंबं खाली तळोदा-शहाद्याच्या वसाहतींत आली. बाजार जवळ आला, रस्ता जवळ आला, पण जंगल आणि बांबू लांब गेला. तिथल्या घरांना बांबूपेक्षा मणी, शिवण, कापडकाम अशी कच्चा माल बाहेरून येणारी कामं जास्त सोयीची पडतात.

आणि कार्यशाळा म्हणजे चित्रकलेचा किंवा मातीकामाचा क्लास असेल, तर वरचं सगळं गणित उलटं होतं. तिथे वस्तू नाही, पोरं यायची असतात. नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा अशा गावात, शाळेतून चालत पोचता येईल असं घर हवं. तिथे गल्ली महत्त्वाची, भोंगऱ्या नाही.

डोंगरात राहून खाली विकायचं ठरवलं असेल तर पावसाळ्याचा विचार आधी करावा लागतो. तळोदा-धडगाव रस्त्यावरच्या चांदसैली घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि रस्ता बंद पडतो. त्यामुळे जूनच्या आधी तयार माल खाली तळोद्याला किंवा शहाद्याला एखाद्या नातेवाइकाच्या घरी आणून ठेवलेला बरा. एक कोरडी खोली, तीही फक्त चार महिन्यांसाठी. पाहुण्यांकडे भाडं विचारायचं नसतं, दोन चांगली सुपं दिली की भागतं.